हिवरखेडी हॉल्टचा थोडक्यात इतिहास

लहान मुलाचा हरवलेला एक मोजा शोधायला बसावं, तर तो सोडून घरातले बाकीचे सगळे एकेकटे मोजे सापडतात. किस्स्यांचंही तसंच असतं. मी शोधायला बसले होते इतिहास. सापडले हे!

त्याचं झालं असं. जालना आणि परतूरच्या मध्ये आमचं हिवरखेडी. तिथे रेल्वेचा हॉल्ट होता. हॉल्ट म्हणजे स्टेशन म्हणायला लाज वाटावी आणि नाही म्हणायला जीव होऊ नये, अशी गोष्ट. एक खोली, एक पाटी, एक सिमेंटचं बाकडं आणि एक लिंब. स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही. सकाळी एक पॅसेंजर जालन्याकडे जायची, संध्याकाळी तीच परत यायची. तिकिटं विकायला कमिशनवरचा एजंट. ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. गाव मामांना नुसतं ‘एजंट’ म्हणतं. हॉल्ट बंद होऊन काही वर्षं झाली तरी ‘माजी’ लावायची कुणाची हिंमत झालेली नाही.

यंदा गावाने ठरवलं, हॉल्ट परत सुरू करा म्हणून रेल्वेकडे अर्ज द्यायचा. अर्जात एक रकाना होता : ‘थांब्याचा थोडक्यात इतिहास’. समितीचे अध्यक्ष पाटील. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “मॅडम, तुम्ही इतिहासात बी. ए. झालेल्या. तुमच्याबिगर कोण लिहिणार?”

माझ्या बी. ए.वर इतका विश्वास माझ्या बापानेही कधी दाखवला नव्हता. मी ‘हो’ म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. ती गाडी गावापेक्षा जास्त मलाच हवी होती.

मी जालन्यात एका शाळेत दुसरीला शिकवायचे. माझी मुलगी मैत्री झाली आणि बिनपगारी रजेवर घरी बसले. आता मैत्री सव्वादोन वर्षांची आहे. मोठ्या मॅडमचा फोन आला होता, “शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हा. त्या दिवशी वर्गात कुणी दिसलं नाही, तर मी दुसऱ्या मॅडमना घेणार. मग रागवायचं नाही!” रस्त्याने जायचं तर फाटा चार किलोमीटर, पुढे काळीपिवळी जीप, आणि ती माणसं बाहेर लोंबेपर्यंत भरल्याशिवाय हलत नाही. सकाळी साडेसहाला निघून घरी यायला रात्रीचे साडेसात. आमचे हे स्टीलच्या कारखान्यात, दर आठवड्याला पाळी वेगळी, त्यामुळे मोटरसायकलचा भरवसा नाही. गाडी थांबली तर मात्र आठ वाजून दहाला बसायचं आणि साडेपाचला मैत्रीसमोर हजर!

म्हणजे दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या. एक, रेल्वेने ‘हो’ म्हणायला हवं. दोन, मैत्रीला सांभाळायला आत्यांनी ‘हो’ म्हणायला हवं. त्यातल्या त्यात रेल्वेचं सोपं वाटत होतं. कारण रेल्वेला अर्ज तरी करता येतो. आत्यांना विचारलं की त्या फक्त “बघू” म्हणायच्या. आणि मी अशी बाई आहे की मैत्रीला शिंक आली की मोबाईलवर शिंकेची कारणं वाचते आणि तिसऱ्या कारणाला रडायला लागते. ‘बघू’चे मी रात्रंदिवस किती अर्थ काढले असतील!

तर वही घेऊन मी इतिहास गोळा करायला निघाले.

*

सुरुवात घरापासून केली. आत्यांना विचारलं, “तुम्ही हा हॉल्ट पहिल्यांदा कधी पाहिला?”

“लग्नात,” आत्या लसूण सोलत म्हणाल्या. “फसवून आणलं मला.”

झालं होतं असं, की मामांचं स्थळ घेऊन जो पाहुणा आत्यांच्या माहेरी गेला, त्याने सांगितलं, “पोरगा हॉल्टवर राहतो.” आत्यांचे वडील एका कानाने अधू. त्यांनी ऐकलं, “पोरगा हॉस्टेलवर राहतो.” झालं! आमच्या समाजात त्या काळी हॉस्टेलवर राहून शिकणारा पोरगा म्हणजे उद्याचा साहेबच. कलेक्टर न्हाई तर तहसीलदार तरी होईलच, असं म्हणून त्यांनी चहा प्यायच्या आधी सुपारी फोडली.

लग्न लागलं. वऱ्हाड पॅसेंजरने हिवरखेडीला उतरलं. आत्यांच्या वडिलांनी चारी बाजूंना पाहिलं. खोली, पाटी, बाकडं, लिंब. त्यांनी जावयाला हळूच विचारलं, “हॉस्टेल कुठंय?”

मामांनी मोठ्या अभिमानाने खोलीकडे बोट दाखवलं. “हेच की!”

मामांचे सासरे खोलीत डोकावले. एक खुर्ची, एक पेटी. बाहेर येऊन म्हणाले, “बाकीची पोरं सुट्टीवर गेली काय?”

आत्या अजून भांडणात हे हत्यार काढतात. “मला हॉस्टेल सांगून हालटावर आणलं!”

*

खोलीला तिकिटाची खिडकी होती. अजून आहे. पण ती ज्या मिस्त्रीने बसवली, त्याने बहुतेक बसूनच बसवली. जमिनीपासून जेमतेम तीन फूट. आत खुर्चीवर बसलेल्या मामांना बाहेरच्या माणसाचं तोंड कधी दिसायचंच नाही, फक्त पोट दिसायचं. चाळीसेक वर्षं मामांनी अख्खं गाव पोटावरून ओळखलं. कुणाचं सुटलं, कुणाचं आत गेलं, कुणाला गॅस झालाय, सगळं मामांना माहीत! नव्या सुनेला दिवस गेलेले घरच्यांआधी एजंटला कळतात, असा बोलबाला होता.

तिकीट घ्यायचं तर वाकावं लागायचं. सगळे वाकायचे. अडचण फक्त पाटलांची झाली.

आमची वस्ती गावाच्या कडेला, रुळाजवळ. पाटील वस्तीत कधी पाऊल टाकत नसत, मग एजंटपुढे वाकणार कसे? ते नेहमी गडी पाठवायचे. एक दिवस गडी आजारी आणि पाटलांना जालन्याला कोर्टाची तारीख. पाटील स्वतः आले आणि खिडकीसमोर ताठ उभे राहिले. आत मामांना दिसलं एक पांढरंशुभ्र धोतर आणि त्यावर एक अनोळखी पोट.

“कुठलं देऊ?” मामांनी पोटाला विचारलं.

पोट बोललं, “जालना.”

मामांना वरचं काही नीट ऐकू आलं नाही. “खाली बोला!”

“जालना!”

“खाली या, खाली! वरून आवाज येत न्हाई.”

तिकडे गाडीने शिट्टी दिली. कोर्ट थांबत नसतं आणि गाडी तर त्याहून नाही. पाटलांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि वाकले. खिडकीत दोघांची तोंडं समोरासमोर आली. आयुष्यात पहिल्यांदा, इतक्या जवळून.

पाटील म्हणाले, “एजंट, तुमची खिडकी लई खाली हाय.”

मामा तिकीट देत म्हणाले, “पाटील, खिडकी सरकारनं बसवली. मी फकस्त आत बसतो.”

आज तेच पाटील हॉल्ट समितीचे अध्यक्ष आहेत, आमच्याकडे चहाला येतात, बसतात, दुसरा कपही घेतात. पण अर्जातल्या मागण्या वाचताना मला हसू आवरेना. पहिली मागणी, गाडी थांबावी. दुसरी मागणी, “तिकिटाची खिडकी दीड फूट वर घ्यावी!”

*

हॉल्टला फलाट नावालाच होता, जमिनीच्या पातळीवर. डब्याची पहिली पायरी म्हाताऱ्या माणसाच्या छातीला लागायची. म्हणून मामांनी एक लाकडी स्टूल करून घेतलं होतं. गाडी आली की ते स्टूल घेऊन बायकांच्या डब्यापुढे धावायचे.

एकदा कुंभार पिंपळगावचं वऱ्हाड चढायचं होतं. त्यात नवरीची आत्या, अंगाने भरदार. तिला चढवायला खालून चार, वरून तीन, असे सात जण लागले. ती एकदाची चढली. दारात उभी राहून तिने विचार केला, चढताना एवढं झालं, मग उतरताना काय होईल? तिने वाकून स्टूल वर ओढून घेतलं!

मामा ओरडत पळाले, “बाई, स्टूल! स्टूल!”

बाईने हात हलवला. “असू द्या हो, बराबर धरते मी!”

स्टूल गेलं. दुसऱ्या दिवशी गार्डाने गाडीतून उतरवून दिलं. त्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. कुठल्या तरी तिकीट तपासनिसाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘स्टूल, नग एक. विनातिकीट प्रवास. वय झाल्यामुळे सोडून दिले.’

ती चिठ्ठी मामांनी जपून ठेवली आहे. इतिहासाचं अस्सल साधन म्हणून मी ती अर्जाला जोडावी, असा त्यांचा फार आग्रह होता.

*

इतिहासकाराने स्वतःबद्दल लिहू नये, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. पण गावात जिथे वही उघडली, तिथे लोक आधी माझाच किस्सा सांगायला लागले. तेव्हा तो मीच सांगितलेला बरा.

लग्नानंतर पहिल्यांदा मी माहेराहून, सेलूहून, एकटी येत होते. यांनी फोनवर बजावलं होतं, “हॉल्टवर गाडी एकच मिनिट थांबते. जल्दी उतर.” त्या ‘जल्दी’ने माझी झोप उडाली. एक मिनिट म्हणजे साठ सेकंद. त्यात मी, दोन पिशव्या आणि आईने दिलेला शेवयांचा डबा. परतूर गेल्यापासून मी दारात उभी. गाडी हळू झाली, आणि ती पूर्ण थांबायच्या आत मी उडी मारली. पाच सेकंदांत! स्वतःवर खूश होऊन समोर पाहिलं.

समोर कपाशी.

मी गाडीच्या उलट्या बाजूने उतरले होते! पलीकडे फलाटावर सगळं घर माझी वाट पाहत उभं. त्यांना वाटलं, सून आलीच नाही. मामा प्रत्येक डब्यात डोकावून विचारतायत, “आमची सूनबाई दिसली का?” इकडे मी कपाशीत गुडघाभर, साडीला बोंडं चिकटलेली, ओरडतेय तर गाडीच्या शिट्टीत माझा आवाज जातोय.

मग गाडी हलली. एकेक डबा पुढे सरकला, आणि नाटकाचा पडदा बाजूला व्हावा तशी मी दिसले. दोन पिशव्या, एक डबा.

सगळे आत्यांकडे पाहायला लागले, की या काय बोलतात. आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “हिला बी हॉस्टेल सांगितलं की काय रे कुणी?”

*

मग कोरोनाची ती सगळीकडे बंदी आली आणि गाड्या थांबल्या. बंदी उठली, गाड्या सुरू झाल्या. आमची पॅसेंजर परत आली, पण एक्सप्रेस होऊन! डबे तेच, गळके नळ तेच, खिडकीला अडकलेली काच तीच. फक्त प्रमोशन झालेलं. प्रमोशन झाल्यावर माणसं करतात तेच तिने केलं. आमच्यासारख्या लहान लोकांकडे थांबायचं बंद केलं.

पहिल्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, तिकिटांची पेटी घेऊन खिडकीत बसले होते. गाडी धाडधाड निघून गेली. मामा तसेच बसून. हॉल्टवर चहा विकणारे रफिकचाचा म्हणाले, “एजंट, गई वो तो.”

मामा म्हणाले, “नवा ड्रायव्हर असंल. चुकला असंल.”

रफिकचाचा सांगत होते, “सात दिन, बेटी! सात दिन रोज नवा ड्रायव्हर!”

हा किस्सा मी वहीत लिहिला, पण चाचा हसत असताना मला काही हसता आलं नाही.

*

बंद झाल्यावर हॉल्टवर फक्त शेळ्या यायच्या. एकदा मात्र पुण्याहून एक तरुण आला. गळ्यात हा मोठा कॅमेरा. त्याला बंद पडलेल्या स्टेशनांचा नाद. त्याने पाटीचा फोटो काढला, खिडकीचा काढला, बाकड्यावर झोपून लिंबाचा काढला. मग मामांना सांगायला लागला.

“काका, इंग्लंडमध्ये अशी शेकडो छोटी स्टेशनं बंद झाली. पण तिकडचे लोक किती जपतात! अशा एका एका थांब्यावर पुस्तकं लिहिलीत. कुठे कुठे तर स्टेशन पुन्हा रंगवून, झुंबरासारखे दिवे लावून ठेवलंय. लोक लांबून तिकीट काढून बघायला येतात.”

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “गाडी येते का तिथं?”

“नाही ना. बंदच आहे.”

“आन् तरी तिकीट काढत्यात?”

“हो! रांग लागते!”

मामांनी रुळावरची एक शेळी हाकलली. मग म्हणाले, “मंग चालू असताना का न्हाई काढलं?”

तो तरुण कॅमेरा बंद करून चहा प्यायला गेला.

*

असा सगळा इतिहास मी अकरा पानांत बसवला. रात्री मैत्री झोपल्यावर लिहायचे आणि सकाळी तिने त्यावर काढलेल्या रेघोट्या खोडायचे. अर्ज गेला. आठ दिवसांत परत आला! वर लाल शाईत शेरा : ‘इतिहास थोडक्यात लिहावा. रकान्यात जागा तीन ओळींची आहे.’

मी रडकुंडीला आले. अकरा पानांचं तीन ओळींत कसं करायचं? कुठला किस्सा ठेवू, कुठला काढू? यापुढे कुणी मला बी. ए. म्हटलं तर त्याच्याशी बोलायचं नाही, असंही ठरवून टाकलं.

मामांनी पेन मागून घेतलं आणि तिकिटावर आकडे लिहायची सवय असलेल्या बारीक अक्षरात लिहिलं :

‘थांबा होता.
गाडी थांबत होती.
आता थांबत नाही.’

अर्ज मंजुरीच्या पुढच्या टप्प्यात गेला!

*

पुढचा टप्पा म्हणजे साहेब पाहणीला येणार. साहेब जीपने आले. रेल्वेचे साहेब जीपने का येतात, हे विचारायचं नाही असं पाटलांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. अख्खं गाव लिंबाखाली जमलं. साहेब एकेकाला विचारत गेले, “गाडी थांबली तर तुम्ही कुठे जाणार?”

“जालना, साहेब.”

“जालना.”

“जालना, साहेब. दवाखाना.”

सगळं पाठ करून घेतलेलं. बराबर चाललं होतं. शेवटी साहेब आत्यांजवळ आले. “आणि आजी, तुम्हाला गाडी हवी का?”

आत्यांनी मैत्रीला कडेवर घेतलेलं. म्हणाल्या, “मला न्हाई पाह्यजे.”

पाटलांच्या हातातला हार खाली पडला. माझा जीव कुठे पडला ते विचारू नका.

“का हो?”

“तिच्या टायमावर जन्मभर भाकरी टाकल्या म्या. ती आली की ह्यो मानूस जेवण सोडून पळायचा. ताट झाकून झाकून हात दुखले. बंद झाली तवा कुठं नवऱ्याला गरम भाकर मिळाली.”

साहेब मोठ्याने हसले. काहीतरी लिहून घेतलं आणि गेले. मी मात्र रात्रभर जागी. आत्यांनी साहेबांना सांगितलं की मला सांगितलं? ‘बघू’चा अर्थ शेवटी हा होता तर! दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, “आत्या, गाडी थांबायला लागली तर मैत्रीला...”

“आधी थांबू तर दे,” त्या म्हणाल्या. हे ‘बघू’पेक्षाही अवघड होतं.

*

आणि थांबली! ‘प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिन्यांसाठी’ असं पत्र आलं. सुरुवात कुठल्या दिवशी? ज्या दिवशी शाळा उघडणार, त्याच दिवशी! मी मोठ्या मॅडमना फोन केला. “मॅडम, मी येते. गाडीने येते.”

“नक्की ना?” त्या म्हणाल्या. “साडेनऊला वर्गात माणूस पाहिजे.”

त्या दिवशी सकाळी सहापासून हॉल्टवर गर्दी. लिंबाला पताका, ताशावाले, पेढे, शाळेतल्या मुली लेझीम घेऊन. रफिकचाचांनी चहा फुकट ठेवला होता. मामांचा इस्त्रीचा शर्ट. आता तिकीट मोबाईलवर मिळतं, एजंटची गरज नाही, तरी ते खोली झाडून खिडकीत जाऊन बसले होते. पाटलांनी पहिलं तिकीट मोबाईलवर काढलं आणि मग उगाच जाऊन खिडकीसमोर वाकून मामांना दाखवलं. “बघा एजंट, बराबर निघालं का?”

मी नवी साडी, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. पर्समध्ये शाळेचं पत्र, मोबाईल, सगळं. आणि कडेवर मैत्री. रात्रीच तिला समजावून सांगितलं होतं, ‘आई शाळेत जाणार, मैत्री आजीजवळ राहणार.’ तिने शहाण्यासारखी मान हलवली होती. आता मात्र ताशा ऐकून बिथरली आणि माझ्या गळ्याला अशी चिकटली की श्वास घेता येईना. आत्या बाजूला उभ्या. सकाळपासून माझ्याशी एक अक्षर बोललेल्या नाहीत.

आठ दहा. वळणावर इंजिन दिसलं. ताशा कडाडला, मुली लेझीम खेळायला लागल्या. गाडी आली, हळू झाली, आणि थांबली! हिवरखेडीला! खिडकीखिडकीतून प्रवासी बाहेर बघायला लागले, की इथे कोण पुढारी चढतोय.

पाटील हार घेऊन इंजिनाकडे धावले. त्यांच्यामागे समिती. समितीमागे फोटो काढणारे. मुलांनी ड्रायव्हरला पेढा भरवला, ड्रायव्हरने पाटलांना भरवला, पाटलांनी पुन्हा मुलांना. मामा खिडकीत बसून डोळे पुसत होते, तिथून पोटांशिवाय काही दिसत नसणार, तरी.

आणि इकडे मी मैत्रीचा एक हात गळ्यातून सोडवतेय तर दुसरा अडकतोय. तिचा भोंगा, ताशाचा भोंगा, गाडीचा भोंगा.

“आत्या, घ्या ना हिला! आत्या!”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मैत्रीकडे पाहिलं. गच्च भरलेल्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरची पर्स काढून स्वतःच्या खांद्याला लावली, हातातली डब्याची पिशवी ओढून घेतली आणि म्हणाल्या, “तू लेकराला शांत कर. मी होते म्होरं.”

मला काही कळायच्या आत त्या डब्यात चढल्या. स्टूल नाही, हात नाही, काही नाही. पासष्ट वर्षांची बाई पदर खोचून सरळ वर! दोन बायकांना सरकवून आत गेलेल्या दिसल्या.

एक मिनिट संपलं.

गाडी हलली. मी मैत्रीला घेऊन डब्याबरोबर चार पावलं पळाले, पण लेकरू घेऊन चालत्या गाडीत चढायची माझी छाती कधीच नव्हती. खिडकीतून आत्या दिसल्या. हात हलवून काहीतरी ओरडत होत्या. ताशात ऐकूच आलं नाही. गाडी गेली. आत्या गेल्या. पर्स, पत्र, मोबाईल, डबा, सगळं गेलं.

तेव्हा कुठे पाटलांनी वळून फलाटाकडे पाहिलं. सगळं गाव जिथल्या तिथे! ज्यांनी तिकिटं काढली होती ते हार आणि पेढे घेऊन उभे.

“चढलं कोण?” पाटलांनी विचारलं.

शेवटी मामा खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, “माझी बायकू.”

मी मटकन बाकड्यावर बसले. संपलं सगळं. शाळेचा नंबरही त्याच मोबाईलमध्ये गेलेला. पुढची जीप दहाला. साडेनऊला वर्गात कुणी नाही म्हणजे दुसऱ्या मॅडम. आणि आत्या! त्या आयुष्यात एकट्या कधी जालन्याला गेल्या नव्हत्या. वाचता येत नाही, मोबाईलचा कोड माहीत नाही. मी मनात त्यांना तीन वेळा हरवून टाकलं. हे रात्रपाळीहून नुकते आले होते. तसेच मोटरसायकल काढायला धावले, पण टाकीत पेट्रोलचा थेंब नाही; बाटलीभर मिळेपर्यंत साडेनऊ होऊन गेले. मैत्री आता एकदम शांत, पेढा खात, “आजी भुर्र” म्हणत होती.

मोटरसायकल सुरू होते न होते तोच यांचा मोबाईल वाजला. शाळेचा फोन. शाळेत घरचा म्हणून त्यांचाच नंबर दिलेला. मी घड्याळ पाहिलं. नऊ पस्तीस. माफी कुठून सुरू करायची, तेच सुचेना.

“मॅडम, मी... गाडी... माझी मुलगी...”

“अहो, ते राहू द्या,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज विचित्र येत होता, हसू दाबल्यासारखा. “इथे एक आजी आल्यात. रिक्षावाल्याला तुमचं पत्र दाखवत दाखवत आल्या म्हणे. दुसरीच्या वर्गात तुमच्या खुर्चीवर बसल्यात, पर्स मांडीवर घेऊन. पोरं एकदम चिडीचूप. दुसऱ्या मॅडम दारात उभ्या आहेत, त्यांना आतच येऊ देत नाहीत. मी स्वतः जाऊन उठा म्हटलं, तरी उठत नाहीत.”

“का?” मी कसंबसं विचारलं.

“म्हणतात, ‘सूनबाई येऊन राह्यली. मी जागा धरली!’”